निवांत सहलीचा बेत

१२ जानेवारी २०२५, रविवार

नवी वही काढली. आजवर माझी डायरी म्हणजे दिवसाला एक ओळ. पलटणीत लागलेली सवय, सुभेदार म्हणून निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली तरी सुटली नाही. उसाला पाणी दिलं. म्हैस व्याली. अमक्याच्या मातीला जाऊन आलो. पण आज एक मोहीम हाती घेतली आहे, ती एका ओळीत मावणार नाही.

झालं असं, की आमचा नातू शिवतेज, वय पाच, जेवताना अचानक म्हणाला, "आबा, आपुन पाळण्यांच्या गावाला कवा जायचं?" चौकशी केली. खोपोलीकडं कुठलं तरी मोठं पार्क आहे. पाळणे, छोटी आगगाडी, पाण्याच्या घसरगुंड्या. वर्गातलं एक पोरगं जाऊन आलंय. शिवतेजची बहीण सृष्टी आठ वर्षांची. ती घास हातात तसाच धरून माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "जाऊया."

सूनबाई राजेश्वरी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खरंच आबा? मग निवांत जाऊया. पोरं लहान हायत. सगळं बघायचं म्हणून पळापळ नको. एक मुक्काम करू."

आमच्या मुलाला, जयराजला, जाऊन चार वर्षं झाली. तोही फौजेत होता. सिक्कीमला रस्त्यावर दरड आली आणि गाडी खाली गेली, तेव्हा शिवतेज अकरा महिन्यांचा होता. तेव्हापासून मी, माझी बायको लीला, राजेश्वरी आणि दोन पोरं, असे पाच जण लग्नकार्य सोडून कुठंच गेलेलो नाही. खरं सांगायचं तर जयराजलाही मी लहानपणी कुठं नेलं नाही. मी सरहद्दीवर. त्याचं लहानपण मी पत्रांतून वाचलं.

मोहीम फत्ते करायचीच. आठ-नऊ फेब्रुवारी. शनिवार, रविवार.

१५ जानेवारी, बुधवार

वेळापत्रक तयार. पहाटे चार उठणे. साडेचार चहा. पाच कूच. सातला साताऱ्याच्या पुढं नाष्टा, पंचवीस मिनिटं. साडेअकराला पार्कच्या फाटकाशी हजर. त्यानंतर दर पाळण्याला वीस मिनिटं. राजेश्वरीनं निवांत म्हटलं होतं, म्हणून दुपारी तीन ते साडेतीन 'निवांत' असं वेगळं लिहिलं आहे.

लीलानं कागद वाचला आणि पदर तोंडाला लावून हसली. "आवं, पोरं लघवीला कवा जायची?"

तो मुद्दा राहिला होता. दुरुस्ती केली.

१९ जानेवारी, रविवार

वाहनाचा प्रश्न सुटला, आणि तो मी सोडवला.

म्हशीच्या कासेला सूज होती, म्हणून सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर उदयसिंह आले होते. मूळचे इस्लामपूरचे, वय एकोणचाळीस. वडील बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचं करण्यात लग्न राहून गेलं. आता वडीलही नाहीत, आई गावाकडं असते. दिवाळीच्या आधीपासून आमच्याकडं येतात. बोलणं कमी, हात हलका. म्हैस दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, यांच्यापुढं उभी राहते.

मी बोलता बोलता म्हणालो, भाड्याची जीप बघतोय. ते हात धुत होते. म्हणाले, "सुभेदारसाहेब, माझी गाडी आहे की. मलाही दोन दिवस सुट्टी घ्यायचीच होती."

माणूस पारखायला मला वेळ लागत नाही. जागेवर निवड केली. राजेश्वरीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना कशाला त्रास, आबा?" आणि उठून आत गेली. तिला कुणाचे उपकार घ्यायला आवडत नाहीत. शिक्षिका आहे, स्वाभिमानी आहे. मी तिला समजावलं की माणूस आपण होऊन तयार झालाय.

रोजच्यासारखं हे लीलाला वाचून दाखवलं, तर ती पुन्हा हसत होती. हल्ली तिला कशाचंही हसू येतं.

२३ जानेवारी, गुरुवार

डॉक्टर आज परत येऊन गेले. म्हशीची सूज केव्हाच उतरली आहे, तरी आठवड्यात तिसरी खेप. असे कर्तव्यदक्ष सरकारी नोकर आता राहिले नाहीत.

शिवतेजला गाडी लागते, यावर त्यांनी आणि राजेश्वरीनं सविस्तर चर्चा केली. तास-सव्वातास चालली. आल्याची वडी, खिडकीची जागा, रिकाम्या पोटी दूध नको. मी अध्येमध्ये दोन सूचना केल्या, त्या दोघांनी ऐकून घेतल्या असं वाटलं नाही. सृष्टी डॉक्टरांना गणिताची वही दाखवत होती. तिच्या आईला रोज ओरडावं लागतं तेव्हा ती वही उघडते.

सूनबाईची तब्येत सुधारलेली दिसते. सकाळी अंगण झाडताना काहीतरी गुणगुणत होती. चार वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. सहलीचा परिणाम.

२६ जानेवारी, रविवार

राजेश्वरीच्या शाळेत झेंडावंदनाला गेलो. माजी सैनिक म्हणून पुढची खुर्ची मिळाली. पोरांनी कवायत बरी केली, डावा-उजवा जरा गोंधळ.

परत येताना माझा चुलतभाऊ नाथाजी भेटला. म्हणाला, "लालासाहेब, सुनंला घेऊन त्या डॉक्टरासंगं दोन दिस बाहेर चालला म्हनं? लोकं काय म्हनतील, इचार केला का?"

मी म्हणालो, "गड्या, मी चाळीस-चाळीस माणसं निवडून बर्फात नेली हायत. मला माणूस कळतो."

"त्येच म्हंतो मी. कळतो का?" असं म्हणून तो गेला.

जेवण गोड लागलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांना नको म्हणून कळवायचं ठरवलं. माणूस चांगला, पण राजेश्वरीला उगीच बोल लागायला नको. संध्याकाळी ती वह्या तपासत होती. मी म्हणालो, "जीपच करू. डॉक्टरांना कशाला अडकवायचं?"

ती म्हणाली, "चालेल, आबा." वर बघितलंसुद्धा नाही.

३० जानेवारी, गुरुवार

दोन दिवस आमटी अळणी. राजेश्वरी कामापुरतंच बोलते. लीलाला विचारलं, तिला बरं नाही का? लीला म्हणाली, "तिला काय धाड भरलीया? जीपचं न्हाई आवडलं."

मग माझ्या ध्यानात आलं. भाड्याची जीप, अनोळखी चालक, त्यात शिवतेजला गाडी लागते. आईच्या जिवाला घोर लागणारच. आणि मी मूर्ख, नाथाजीचं मनावर घेतलं. डॉक्टरांना फोन करून गाडी कायम केली. नाथाजी गेला उडत.

रात्रीची आमटी झकास.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तयारी पूर्ण. टोप्या पाच, पाण्याच्या बाटल्या सहा, आल्याच्या वड्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, प्रत्येक पोराच्या खिशात माझा फोन नंबर लिहिलेला कागद. डॉक्टरांच्याही खिशात एक दिला. त्यांनी तो नीट घडी घालून ठेवला.

लीलानं लग्नात नेसायची साडी काढली आहे. म्हणालो, पाळण्यात कोण बघणार तुला? म्हणाली, "तुमी बघा की. कवातरी."

८ फेब्रुवारी, शनिवार. खोपोलीजवळचं हॉटेल, संध्याकाळ

क्रमानं लिहितो.

पाचचं कूच पाच वाजून चाळीस मिनिटांनी झालं. सृष्टीचा एक बूट सापडत नव्हता. तो पायात होता. दुसरा सापडत नव्हता.

महामार्गाला लागेपर्यंत कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली. डॉक्टर अजिबात चिडले नाहीत. गाडी फार जपून चालवतात. मी पुढं बसलो होतो. आरसा वारंवार नीट करून मागं बघत होते. मागच्या वाहनांवर एवढी नजर ठेवणारा चालक मी पाहिला नाही.

शिवतेजला खंबाटकी घाटात उलटी झाली. डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, त्याचं कपाळ एका हातानं धरलं, दुसऱ्यानं पाठ चोळली, तोंड धुतलं, आणि त्याला म्हणाले, "शाब्बास. आता पोटात जागा झाली." पोरगं हसलं. मी दार उघडेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पार्कमध्ये माझं वेळापत्रक पहिल्या पाळण्यालाच मेलं. शिवतेज छोट्या आगगाडीत बसला. उतरला आणि म्हणाला, परत. परत उतरला, परत. सात वेळा. सगळ्या पार्कात एवढे मोठे मोठे खेळ, आणि हा गोल फिरणाऱ्या गाडीतून उठेना. मी घड्याळ दाखवलं. राजेश्वरी म्हणाली, "असू द्या हो आबा. त्याला आवडतंय." मी कागद खिशात घातला.

मग मी आणि लीला बाकावर बसलो. काही करायचं नव्हतं. लीलानं दशमी काढली, अर्धी मला दिली. शेजारून एवढी माणसं जात होती, पण मला काही हुकूम द्यावासा वाटला नाही. बरं वाटलं. याला निवांत म्हणत असावेत.

तेवढ्यात ते झालं.

पार्कवाले एका माणसाला भल्यामोठ्या अस्वलाचा पोशाख घालून फिरवत होते. पोरं त्याच्याशी हात मिळवत होती. ते अस्वल मागून आलं आणि शिवतेजच्या खांद्यावर हात ठेवला. पोरगं वळलं आणि किंचाळलं. मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो. उठून हात पसरले. "इकडं ये, शिवबा!"

तो माझ्या बाजूनं पळत पुढं गेला. तिकडं लांब डॉक्टर आईस्क्रीम घेऊन येत होते, त्यांच्या पायाला जाऊन बिलगला. त्यांच्या हातातलं सगळं खाली पडलं. त्यांनी त्याला उचलून घेतलं. राजेश्वरी धावत तिथं पोचली. शिवतेजचा एक हात डॉक्टरांच्या गळ्यात होता, दुसरा त्यानं आईच्या गळ्यात टाकला. तिघं तशी उभी राहिली. राजेश्वरी डॉक्टरांकडं बघत होती. तिचा तो चेहरा मी ओळखतो. जयराज सुट्टीवर यायचा, फाटक वाजायचं, तेव्हा असायचा.

माझे हात अजून पसरलेलेच होते. लीलानं एक हात धरून खाली घेतला.

मी म्हणालो, "लीला."

ती म्हणाली, "दिसलं का आत्ता?"

"तुला कवा दिसलं?"

"दिवाळीपास्नं."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तुमी रोज वाचून दाखवत हुता की, डॉक्टर किती वेळा आलं त्ये. मला वाटलं, कवातरी तुमचं तुमालाच ऐकू यील."

आज याहून जास्त लिहवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लीला चहा पिताना म्हणाली, "काय ठरवलं?" मी म्हणालो, मी कोण ठरवणार? म्हणाली, "त्येच तर. ती तुमच्यासाठी थांबलीया. तुमी तिला मोकळी करा, न्हाईतर न्हाई जमायचं असं तरी सांगा."

नाष्ट्यानंतर परत पार्कात गेलो. डॉक्टरांना सांगितलं, पोरांना आगगाडीत बसवा. राजेश्वरीला म्हणालो, "चल, त्या मोठ्या पाळण्यात बसू." ती गोंधळली. पण आली.

काचेची खोली आणि आम्ही दोघं समोरासमोर. वर जाताना सगळे डोंगर दिसायला लागले. मी सरळ विचारलं. फिरवून बोलायची मला सवय नाही.

"डॉक्टरांनी तुला काय विचारलंय का?"

ती काचेतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "विचारलं होतं. डिसेंबरात. मी नाही म्हणून सांगितलंय, आबा. आत्याबाईंना पण माहीत नाही ते. तुम्ही काळजी करू नका."

"माणूस वाईट हाय?"

"नाही."

"मग?"

पाळणा अगदी वर जाऊन थांबला होता. "रोज पाच वाजता पोरांच्या शाळेची रिक्षा येते," ती म्हणाली. "तुम्ही पावणेपाचपासून फाटकाशी उभे असता. मी पोरं घेऊन गेले, तर तुम्ही कुणासाठी उभे राहणार?"

अठ्ठावीस वर्षं नोकरीत उत्तर नसलं की मी मोठ्यानं बोलायचो. तसंच केलं. म्हणालो, "फाटकाशी उभं ऱ्हायाला माणूस लागत न्हाई, फाटक लागतं. त्ये माझं मी बघीन." ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग मी खालच्या आवाजात म्हणालो, "राजेश्वरी, तू माझ्यासाठी न्हाई म्हणालीस. बरोबर? आता माझ्यासाठीच परत एकदा इचार कर. मी एकोणसत्तरचा. मी गेल्यावर तू त्या घरात कुणासाठी थांबलेली असशील?"

"जयराजचं काय, आबा?"

"त्यो माझा पोरगा हाय. त्यो काय म्हणला असता, मला ठाऊक न्हाई. मी त्याच्याजवळ फार ऱ्हायलोच न्हाई. पण तुझं हासू त्याला लय आवडायचं. प्रत्येक पत्रात लिवायचा."

ती पदरानं डोळे पुसत राहिली. पाळणा खाली आला. दार उघडणाऱ्या मुलीनं विचारलं, "ताई घाबरल्या का?" मी म्हणालो, "व्हय. पहिल्यांदाच वर गेली."

बोललो ते सगळं मनापासून होतं असं नाही. हेही लिहून ठेवतो. मनातून मला नको आहे. मला पोरं घरात हवी आहेत. शिवतेज झोपेत पाय मारतो, ते मला हवे आहेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

परवा रात्री घरी आलो. दोन दिवसांपासून घरात सगळे एकमेकांशी फार चांगलं वागत आहेत. त्याचा त्रास होतो.

डॉक्टर म्हशीला बघायला आले नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सृष्टी माझ्याजवळ येऊन बसली. विचारलं, "आबा, आई डॉक्टरांशी लग्न करणार?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. मला चालेल का विचारलं."

"मग? चालंल?"

"ते गणितात ओरडत नाहीत," ती म्हणाली. मग, "पप्पांचा फोटो मी न्यायचा का तुम्ही ठेवायचा?"

ती चार वर्षांची होती तेव्हा. तिला त्याचा आवाज आठवतो, असं ती म्हणते. मी म्हणालो, दोन करू. दुपारी कराडला जाऊन फोटोची दुसरी प्रत काढून आणली, तशीच फ्रेम करून. तिनं दोन्ही शेजारी ठेवून तपासल्या आणि नवी आपल्याकडं घेतली.

२ मार्च, रविवार

उदयसिंह आईला घेऊन आले. सुलाबाई, साध्या बाई. लीलाचे आणि त्यांचे सूर पाच मिनिटांत जमले, दोघी म्हशीकडं गेल्या.

मी आणि उदयसिंह ओट्यावर. त्यांना घाम फुटला होता. म्हणाले, "सुभेदारसाहेब, मी तुमच्याशी आधी बोलायला पाहिजे होतं."

"बोलायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "मी तुमाला म्हशीसाठी येताय म्हणून दुवा देत हुतो."

त्यांनी मान खाली घातली. कान लाल झाले होते. मग त्यांनी स्वतःच विषय काढला. राजेश्वरीची शाळा इथं आहे, पोरांची शाळा इथं आहे. ते इथं आपल्या मलकापुरातच घर बघतील, पायी जाण्याच्या अंतरावर. बदली झाली तर तेव्हा बघू. पोरांचं आडनाव बदलायचं नाही, जयराजचंच राहील. हे त्यांनी आधी सांगितलं, मी विचारायच्या आत.

मला बोलायला काही ठेवलंच नाही. मग मी पोरांचं सांगितलं. शिवतेज झोपेत पाय मारतो. सृष्टी राग आला की बोलत नाही, वाट बघायची, आपण होऊन येते. उदयसिंह ऐकत होते. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं.

नाथाजी संध्याकाळी आला होता. काय बोलला ते लिहीत नाही. मी काय बोललो तेही नाही. लीला म्हणाली, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

१७ एप्रिल, गुरुवार

सगळे साताऱ्याला गेलो, विवाह नोंदणीच्या कार्यालयात. राजेश्वरी मोतिया रंगाची साडी नेसली होती. शिवतेजला नवा सदरा टोचत होता. लीला आणि सुलाबाई एकाच बाकावर, एकमेकींना सुपारी देत.

साक्षीदार म्हणून मी पुढं झालो. टेबलाशी बसलेला माणूस तरुण होता, नम्र होता. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग विचारलं, "बाबा, तुम्ही नवरीचे कोण?"

"सासरा."

त्यानं उदयसिंहांकडं बघितलं. "म्हणजे नवरदेवाचे वडील?"

"न्हाई. त्यांचं वडील वारलं."

पेन वर धरून तो म्हणाला, "मग तुम्ही सासरे कसे?"

मी सांगणार होतो. जयराजचं नाव तोंडापर्यंत आलं आणि पुढं सरकेना. कार्यालयातले सगळे बघत होते. उदयसिंहांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

राजेश्वरी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्या माणसाला म्हणाली, "सासरेच लिहा, साहेब. ते बदललेलं नाही."

त्यानं आमच्या दोघांकडं एकदा बघितलं आणि लिहिलं. मग कागद माझ्यापुढं फिरवला आणि बोटानं जागा दाखवली.

सही केली. जरा वाकडी आली आहे, पण वाचता येते.